बैलाचा ढेकर मोजणारे डॉक्टर

फोन आला तेव्हा मी अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालत होतो. नंबर ओळखीचा नव्हता. "काका, मी मीरा बोलतेय, ठोसरांची मीरा. बाबा गेले. आज पहाटे, झोपेतच." मग ती म्हणाली, "त्यांनी एका कागदावर नावं लिहून ठेवली होती, कुणाकुणाला कळवायचं त्यांची. तुमचं नाव पहिलं आहे." मी नुसतं "हो" म्हणालो. पाण्याचा पाइप हातात तसाच वाहत राहिला. बायको आतून ओरडली, "पानी वाया चाललं नं!" मग बाहेर येऊन तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच तोटी बंद केली.

त्याला आता महिना होत आला. डॉक्टर वामन ठोसर हे नाव वाचणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. ते गुरांचे डॉक्टर होते, सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, कुठला पुरस्कार नाही, कुठल्या पुस्तकावर नाव नाही. पण रिठदच्या पलीकडे एक गाव आहे, तिथं माझ्या वयाच्या कुणालाही विचारलं तर तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "ढेकर डाक्टर? वाऽ, त्याईले कोन इसरन!" गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. माणसं अजून आहेत, आणि जे सांगायचं आहे त्यात त्यांच्यापेक्षा माझाच कमीपणा जास्त आहे. इतकी वर्षं ते सांगितलं नाही. डॉक्टर होते तोवर सांगता येत नव्हतं, कारण त्यांनीच ते झाकून ठेवलं होतं.

सत्तरनंतरची ती वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. मी मूळचा आसेगावचा. वडील मजूर, आई दुसऱ्यांच्या राखीव रानात गवत कापायला जायची. धम्म घेतलेल्या आमच्या घरात शिकून पगारावर लागलेला मी पहिला माणूस. त्याच गावातल्या गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस, म्हणून नेमणूक झाली, तीही तात्पुरती, दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं एक निंब आणि जनावर अडकवायचा लाकडी खोडा. तिथं एका संध्याकाळच्या गाडीनं ठोसर डॉक्टर उतरले. सोबत एक ट्रंक, वळकटी आणि एक फुगलेलं पोतं. पोतं मी डोक्यावर घेतलं तर कापसासारखं हलकं. औषधं असतील म्हणून जपून आणलं, आणि उघडून पाहतो तर आत जुन्या वर्तमानपत्रांच्या सुरळ्या. प्रत्येक सुरळीत वाळलेलं गवत, वर गावाचं आणि मराठी महिन्याचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ना औषधांचं रजिस्टर मागितलं, ना आधीच्या डॉक्टरांच्या तक्रारी विचारल्या. चहा पिऊन म्हणाले, "वानखडे, इथलं गायरान कुठल्या बाजूला?"

आम्ही गेलो. श्रावण संपत आला होता, माळ हिरवागार. त्यांनी पवन्या गवताची एक काडी तोडली, दातांत धरून चावली, बराच वेळ चघळली आणि चोथा थुंकला. "तुम्हीही चावून बघा." मी गवतात वाढलेला माणूस, भारे वाहून माझ्या आईची मान वाकडी झालेली, पण गवत चावून पाहायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. चव गोडसर होती, उसाच्या वाढ्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "ही चव दिवाळीनंतर पुन्हा बघू." तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आम्ही माळाच्या त्याच तुकड्यातलं गवत कापत होतो. पोटरीत, म्हणजे तुरा अजून पानांतच असताना, फुलोऱ्यात, बी धरल्यावर, बी झडल्यावर, आणि शेवटी पिवळं पडून वाऱ्यावर वाजायला लागल्यावर. प्रत्येक वेळी ते आधी स्वतः चावायचे, मग मला द्यायचे. दिवाळीनंतरची काडी मला चावताच येईना. नमुने वाशीमहून छोट्या गाडीनं अकोल्याला जायचे. तिथं कॉलेजात त्यांचा एक मित्र होता, तो तपासून उत्तर पाठवायचा. उत्तर आलं की डॉक्टर ते मला वाचून दाखवत, मी त्यांचा वरिष्ठ असल्यासारखं. गवतातलं सत्त्व फुलोऱ्यापर्यंत टिकतं, मग उतरत जातं, आणि आमच्याकडे सगळा गाव गवत कापतो तो अगदी तळाला गेल्यावर... एवढंच त्या कागदांचं सार होतं.

ते त्यांनी एकदा चावडीपुढं लोकांना सांगितलं. "अंबाडी कोवळी असते तेव्हा तुम्ही तिची भाजी करता. जून झाली की तिचाच दोर वळता. जून अंबाडीची भाजी कुणी करतं का? गवताचंही तसंच आहे. भाजीचे दिवस आपण वाया घालवतो आणि बैलांना दोर खायला घालतो." लोक हसले, पण माना हलल्या. सरपंच बाबाराव पाटील मात्र सरळ माणूस, त्यांनी पुढं होऊन विचारलं, "आमी काय येडे हावो का डाक्टरसाहेब? भादव्यात गवत कापलं तं वाळवाचं कुठी? पावसात सडून जाईन नं सारं." डॉक्टरांनी ते तिथल्या तिथं कबूल केलं. "तुमचं बरोबर आहे. मी विचार करतो." पहिला प्रयोग सडलाच. दवाखान्याच्या आवारात वाळत घातलेलं गवत चार दिवसांच्या झडीत काळं पडलं, त्याला असा वास सुटला की बायका पदर नाकाला लावून जात.

त्या वासाच्या दिवसांतच कौसाबाई दवाखान्यात आल्या. आमच्याच समाजाच्या, वस्तीच्या टोकाला घर, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होता, आणि थोडी कोरडवाहू जमीन त्या स्वतः औत धरून कसत. गावात बाईनं औत धरायची रीत नव्हती. पहिल्या वर्षी लोक बोलले, दुसऱ्या वर्षी थकले. बैलाच्या खांद्याला आवाळू आलं होतं म्हणून त्या आल्या होत्या. मी मलम लावेपर्यंत त्या काळ्या गवताकडे पाहत उभ्या राहिल्या, मग डॉक्टरांना म्हणाल्या, "शेवया काय आमी भुईवर वाळवतो का? काठीवर टाकतो. खालून हवा खेळू द्या नं त्याले." डॉक्टर एकदम उभे राहिले. त्याच दुपारी आम्ही तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या गोळा केल्या, तीन-तीन काठ्या वर बांधून खाली फाकवल्या, आडव्या काड्या लावल्या आणि त्यावर गवत पातळ पसरलं. पाऊस आला तर वरचा थर भिजायचा, ऊन पडलं की तासाभरात सुकायचा. आठ दिवसांनी ते गवत हिरवंच्या हिरवं वाळलं. डॉक्टरांनी मूठभर नाकाशी धरलं आणि कौसाबाईंना म्हणाले, "बाई, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही." त्या म्हणाल्या, "कालेजात शेवया करत नसतीन."

ढेकराचं प्रकरण पुढच्या वर्षी सुरू झालं. बाबारावांनी घरामागं गोबरगॅस बांधला होता. आसपासच्या गावांत पहिलाच. निळी ज्योत पाहायला लोक यायचे, डॉक्टरही आले. शेगडीजवळ बसून म्हणाले, "बाबाराव, हाच वायू तुमच्या बैलाच्या पोटात तयार होतो. शेणाच्या टाकीत जे होतं तेच त्याच्या पोटात होतं, आणि तोंडावाटे ढेकरातून उडून जातं. म्हणजे तुम्ही घातलेल्या वैरणीतला काही हिस्सा ना कामाला येतो ना दुधाला. नुसता हवेत जातो. वैरण जितकी निबर, तितकं हे नुकसान जास्त." बाबारावांनी गंभीरपणे विचारलं, "म्हंजे बैलाच्या तोंडाले शेगडी लावाव म्हनता?" वाडग्यात जमलेले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं डॉक्टर हसले. पण घरी येताना वाटेत म्हणाले, "वानखडे, मोजता येईल का हो ते?" मला वाटलं गंमत करतायत.

त्यांनी गंमत केली नव्हती. महिनाभर दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं खटपट करणं चाललं होतं. एसटीच्या चाकाची फाटकी ट्यूब, तुपाचा पत्र्याचा डबा, शिवणाच्या मशीनचा दोरा. त्यातून त्यांनी बैलाच्या तोंडावर बसणारा मुखवटा शिवला. श्वास आत घ्यायला एक रबरी पडदा, बाहेर सोडायला दुसरा, आणि बाहेर पडलेली हवा साठवायला शाळेतून मागून आणलेले फुटबॉलचे दोन ब्लॅडर. त्यातला कार्बन वायू अडावा म्हणून ती हवा चुन्याच्या निवळीतून काढायची, उरलेली बाटलीत भरून, बूच मेणानं बंद करून अकोल्याला पाठवायची. मुखवटा लावायला बैल कोण देणार, हा प्रश्न होता. बाबारावही म्हणाले, "बाकी काई मांगा." शेवटी कौसाबाई म्हणाल्या, "माह्यी जोडी घ्या. पर सकाळचंच. उन्हं तापली का मले औत पायजे." त्यांचे दोन बैल, लाल्या आणि चांद्या. दोघंही शांत, चांद्या तर इतका की मुखवटा बांधताना डॉक्टरांच्या खांद्यावर हनुवटी ठेवायचा.

गाव पाहायला लोटला. "डाक्टर बैलाचा ढेकर मोजून राह्यला" ही बातमी बाजाराच्या दिवशी रिठदपर्यंत पोचली. डॉक्टर चिडले नाहीत. कुणी विचारलं की बसवून समजावत. लाल्याला भादव्यात कापून तुराट्यांवर वाळवलेलं गवत, चांद्याला गेल्या वर्षी दिवाळीनंतर कापलेलं नेहमीचं. पंधरा दिवसांनी लाल्याची कातडी तुकतुकीत दिसायला लागली, हे मुखवट्याशिवायही कुणालाही दिसत होतं. त्यावर डॉक्टरांना एक नवीन कल्पना सुचली. ज्याच्याकडे जून गवतच उरलंय त्यानं काय करायचं? त्यात मूठभर हिरवा लसूणघास मिसळला तर? बाबारावांच्या विहिरीवर लसूणघासाचा वाफा होता, ते द्यायला तयार झाले. डॉक्टरांनी मला नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. घास आदल्या संध्याकाळी कापायचा. रात्रभर सावलीत पसरून सुकू द्यायचा. सकाळी आधी कोरडं गवत घालायचं, आणि मग घासाची एकच पेंढी. ओला, उपाशीपोटी, जास्त... असं कधीच नाही.

दसरा होऊन गेला होता, सकाळी दव पडत होतं. एके दिवशी डॉक्टर दुसऱ्या गावी लसीकरणाला गेले होते, मुक्कामाला. मी दुपारीच वाशीमला गेलो, मुलगी पाहायला. ती मुलगी पुढं माझी बायको झाली. चहापोहे, पाहुण्यांचं बोलणं, परतीची गाडी चुकली, ट्रकमधून आलो. घास कापायचा राहिला. सकाळी बाटल्या घेऊन पुन्हा वाशीमला जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती. मी धावत वाफ्यावर गेलो, दवानं चिंब झालेला घास तसाच कापला, पेंढ्या बांधायलाही थांबलो नाही, दोन्ही हातांचा कवळा भरून कौसाबाईंच्या गोठ्यात चांद्यापुढं टाकला. कोरडं गवत आधी घालायला हवं होतं. मला ते आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण आठवत होतं. मनात म्हटलं, एक दिवस काय होतंय. चांद्यानं अधाशासारखं तोंड घातलं, मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पळालो. कौसाबाई नदीवर गेल्या होत्या.

दुपारी परतलो तेव्हा गोठ्यापुढं गर्दी होती. चांद्या आडवा पडला होता, डावी कूस ढोलासारखी फुगलेली. डॉक्टरांना निरोप मिळून ते सायकलवर आले होते, तोवर उशीर झाला होता. त्यांनी जवसाचं तेल पाजलं होतं, कुशीत नळी घालून वायू सोडला होता, सगळं करून झालं होतं. त्यांचे हात फेसानं माखलेले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. कौसाबाई चांद्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्याचं शिंग कुरवाळत होत्या. रडत नव्हत्या. गर्दीतून कुणी म्हणालं, "त्या टोपड्यानं मारला बैल. पोटातला वारा कोंडला त्याचा." दुसरा म्हणाला, "वाशीमले तक्रार करा. नवकरी जाऊ द्या याची." मी गर्दीच्या मागंच थांबलो. माझा नेमणुकीचा सहा महिन्यांचा कागद त्याच आठवड्यात संपत होता.

डॉक्टरांनी मान वर केली आणि मला पाहिलं. जवळ येऊन अगदी हळू, इतरांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "वानखडे, घासावर दव होतं का?" मी म्हणालो, "होतं." "बरं," ते म्हणाले. एवढंच. मग लोकांकडे वळले. "मुखवट्यानं काही झालेलं नाही. ओला लसूणघास जास्त झाला, त्यानं पोट फुगलं. प्रयोग माझा होता, घास घालायचा हुकूम माझा होता. चूक माझी आहे. तक्रार करायची तर माझ्या नावानं करा, मी स्वतः लिहून देतो." आणि खरंच दिली. स्वतःविरुद्धचा अहवाल त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि माझ्याच हातानं टपालात टाकायला दिला. पाकीट बंद होतं, पण आत माझं नाव नव्हतं, हे पुढं वरून आलेल्या उत्तरावरून कळलं. उत्तरात खुलासा मागितला होता आणि ताशेरे ओढले होते. त्यांच्यामागून लागलेले लोक वर चढले, डॉक्टर मात्र बरीच वर्षं होते तिथंच राहिले. माझा कागद नवा झाला. मी पोस्टाच्या पायरीवर उभा राहून ते पाकीट फोडायचं, खरं लिहायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पण पाकीट पेटीत गेलं.

पण बैल गेला होता आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. एका बैलावर तिफण चालत नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो. "बाबाराव, मला तुमचा एक बैल एका दिवसासाठी पाहिजे. कौसाबाईंच्या लाल्याच्या जोडीला." बाबारावांनी दावणीकडे पाहिलं. त्यांचा बैल वस्तीच्या शेतात, एका बाईच्या तिफणीला जुंपायचा. तसं गावात आजवर झालं नव्हतं, आणि ते का झालं नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, "त्या बदल्यात वर्षभर तुमच्या गोठ्यातलं एकूण एक जनावर मी घरी येऊन बघीन. हाक मारा, मी आलो." बाबाराव म्हणाले, "त्याच्यासाठी नाई पायजे काई. घिऊन जा. पर दोन दिवस न्या, एका दिवसात काय होते." मग त्यांनीच पुढच्या घरी हाक दिली. त्या पंधरवड्यात गावातल्या किती गोठ्यांतले बैल लाल्याशेजारी उभे राहिले, मी मोजले नाहीत. रोज वेगळा बैल, रोज लाल्याचा तोच खांदा. डॉक्टर सकाळी दवाखान्याआधी शेतात असत. त्यांना तिफण धरता येत नव्हती, म्हणून ते पुढं राहून बैल हाकत, मागं कौसाबाई तिफणीवर. मीही जायचो, बी आणून द्यायचो. कौसाबाई त्या सगळ्या दिवसांत डॉक्टरांशी एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्याशी मात्र नेहमीसारख्याच बोलत, भाकरी खायला बसवत. मी ती मान खाली घालून खायचो.

मुखवटा त्यांनी त्यानंतर बांधला नाही. जेवढे आकडे हाती आले होते तेवढ्यांवर एक टिपण लिहून वर पाठवलं. ते परत आलं, उपकरण मान्यताप्राप्त नसल्यामुळे विचार करता येत नाही, असा शेरा होता. डॉक्टरांनी तो वाचून मला दाखवला. "बरोबरच लिहिलंय. फुटबॉलच्या ब्लॅडरला कोण मान्यता देईल?" असं म्हणून कागद गवताच्या सुरळ्यांत ठेवून दिला. मला त्यांचा राग येत होता. ते ओरडत का नाहीत, मला एकदा तरी चार शब्द का सुनावत नाहीत! एकदा मी विषय काढायचा प्रयत्न केला. "डॉक्टर, त्या दिवशी..." त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. "वानखडे, तुमच्या आईच्या मानेला तेल लावता का? तिला एकदा वाशीमला दाखवून आणा."

पुढच्या भादव्यात एका सकाळी कौसाबाई दवाखान्यात आल्या. हातात विळा, मागं वस्तीतल्या सात-आठ बाया. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "डाक्टर, पवन्या पोटरीत आला. तुमी काहून बसून राह्यले?" दहा महिन्यांनंतरचं ते पहिलं बोलणं. डॉक्टर खुर्चीतून उठले ते चप्पल न घालताच निघाले. गायरानातल्या गवताचा दरवर्षी लिलाव व्हायचा, त्यावरून थोडी कुरकुर झाली, पण बाबारावांनी खालची पट्टी भादव्यातच बायांना कापायला सोडली. त्या वर्षी माळावर तुराट्यांच्या तिकाट्याच तिकाट्या उभ्या होत्या, लांबून पाहिलं तर एखाद्या फौजेचा तळ पडल्यासारखं वाटायचं. कौसाबाईंच्या गाईचा गोऱ्हा तेच गवत खाऊन मोठा झाला आणि लाल्याच्या जोडीला औताला लागला. दोन वर्षांनी डॉक्टरांची बदली झाली. पोतं पुन्हा मीच डोक्यावर घेऊन थांब्यावर आणलं. आता ती दोन पोती झाली होती.

नंतर आम्ही पत्रांतून भेटत राहिलो, मग फोनवरून. शेवटचा फोन गेल्या उन्हाळ्यातला. मीराची मुलगी हवामानाचं काहीतरी शिकते, तिनं आजोबांना सांगितलं की गुरांच्या ढेकरातला मिथेन आता जगभर मोजतात, त्यानं पृथ्वी तापते. डॉक्टर हसत सांगत होते, "मला एवढं मोठं कुठं ठाऊक होतं हो! मी आपला वैरण वाया जाते म्हणून मोजत होतो." तेव्हाही मी चांद्याचा विषय काढू शकलो असतो. काढला नाही.

मीराच्या फोननंतर आठवड्यानं मी त्या गावी गेलो. कौसाबाई जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा अमरावतीलाच स्थायिक होता, तोही आता नाही. त्याची बायको निर्मला मात्र नवऱ्यामागं गावी परतली आणि दोन गाई सांभाळून राहते. मी तिला डॉक्टरांची बातमी दिली. मग ओट्यावर बसून सगळं सांगितलं, वाशीम, चुकलेली गाडी, दव, कवळा. तिनं मधे अडवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "सासूबाईले माहीत होतं, भाऊ."

"काय माहीत होतं?"

"गव्हानीत घास उरला होता म्हने, वलाच्या वला. नदीवरून आल्याबरोबर त्याईनं हातात घेऊन पायला. गोठ्यात तुमाशिवाय कोन आलं होतं?" ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "मी एकदा इचारलं, मंग तुमी बोलल्या काहून नाई? तं म्हने, आपल्यातलं एक पोरगं पगारावर लागलं, त्याले मी काहून उठवू? अन् डाक्टरनं एवढं अंगावर घेतलं, ते मी खोटं काहून पाडू?"

"पण मग डॉक्टरांशी त्या बोलायच्या का बंद झाल्या?"

"तोंड उघडलं तं खरंच निंघन, याचं भेव होतं त्याईले."

दोघांनी दोन बाजूंनी मला झाकलं होतं, आणि ते एकमेकांनाही सांगितलं नव्हतं. निर्मलानं चहा टाकला. मग गाईंची वेळ झाली म्हणून ती शेतावरून आलेला हिरवा भारा सोडून बसली. मी उठलो, गोठ्यात गेलो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरही, कुणाच्याही गोठ्यात, बोलणं काही का चाललेलं असेना, पुढ्यात पडलेल्या चाऱ्यात माझा हात जातो. मूठभर उचलायचं, दाबायचं, तळवा पाहायचा. हाताखालच्या पोरांना वाटायचं साहेबांना खोड आहे. मी वाकलो, मूठ भरली, दाबली.

निर्मला पाहत होती. "कोरडं हाय, भाऊ," ती म्हणाली. "कालचंच कापेल हाय."

मी तळवा उघडला. कोरडाच होता. मग मूठ गाईपुढं केली.